दुसरे घर : उत्पन्न की ओझे?



आपल्या संस्थेच्या सभासदांशी गप्पा मारताना अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुले नोकरीला लागली, राहत्या घराचे हप्ते संपले, हाताशी थोडी शिल्लक आहे. आता कर्ज काढून आणखी एक घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे, भाड्यात हप्ता परस्पर फिटेल आणि म्हातारपणी घर आपले होईल. हा विचार चांगला आहे. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांच्या नातवाने मुंबईत दुसऱ्या घराची गोष्ट करावी, ही लहान बाब नव्हे. परंतु विचार चांगला असला तरी हिशेब चुकीचा असू शकतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो हिशेब पाटीवर मांडणार आहोत. वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, ही विनंती.

१. गोराईने शिकवलेला पहिला धडा

आपली गोराईची वसाहत कशी उभी राहिली, हे नव्या पिढीला नीटसे ठाऊक नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी तयार घरे न देता लहान लहान भूखंड दिले. अल्प उत्पन्न गटाला मिळालेले भूखंड साधारणपणे २५ ते ४० चौरस मीटरचे होते. रस्ता, पाणी, गटार यांची सोय सरकारने करायची आणि घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती योजना होती. मधोमध मोकळी जागा, भोवती तीस-पस्तीस घरे आणि त्यांची मिळून एक सहकारी सोसायटी, ही रचना आजही जुन्या गल्ल्यांतून दिसते. मोठे भूखंड बाजारभावाने विकून त्या पैशातून लहान भूखंडांचा भार हलका करण्यात आला होता.

ह्या घरांचे वाढणे आम्ही डोळ्यांनी पाहिले. प्रथम चार भिंती आणि वर पत्रे. मग मुलीच्या लग्नाआधी लादी. मग बोनस आला त्या वर्षी वरची खोली, आणि पुढे ती खोली भाड्याने. गोराईतील कितीतरी कुटुंबांचे पहिले भाडे हे अशा वरच्या खोलीचे भाडे होते. त्यासाठी मोठे कर्ज नव्हते. जमीन आधीच आपली होती, बांधकाम बचतीतून झाले होते, त्यामुळे हाती येणारे भाडे जवळजवळ सगळेच उत्पन्न होते. त्या भाड्यावर मुलांच्या फिया भरल्या गेल्या.

आज जेव्हा कोणी म्हणतो, “अमक्याला भाड्याने बरकत आली, मलाही येईल,” तेव्हा तो हा फरक विसरतो. अमक्याला बरकत आली ती कर्ज नसल्यामुळे. कर्ज काढून घेतलेल्या घराचे भाडे ही निराळी गोष्ट आहे. शिवाय जे वरच्या खोलीबाबत झाले ते आज तसेच करता येईल असे नाही. महापालिकेची आणि म्हाडाची परवानगी नसताना मजला चढवणे म्हणजे आपल्याच डोक्यावर नोटीस टांगून घेणे होय.

२. बाबासाहेबांची दोन घरे

परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे काढल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले आणि बँकेचे कर्ज काढून त्यांवर बांधकाम केले. एक इमारत राहण्यासाठी व ग्रंथांसाठी, ती ‘राजगृह’. दुसरी भाड्याने देण्यासाठी, तिचे नाव ‘चार मिनार’. राजगृह १९३३ मध्ये पुरे झाले. पुढे देणी भागवण्यासाठी व ग्रंथखरेदीसाठी पैशाची गरज पडली तेव्हा १९४१ मध्ये त्यांनी चार मिनार विकली. राजगृह मात्र राहिले.

राजगृहाचे दर्शन आपण सर्व जण घेतो, पण ह्या व्यवहारातील शिकवण क्वचितच कोणी सांगतो. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित, त्याने राहते घर आणि उत्पन्नाचे घर ही दोन वेगळी ठेवली. अडचण आली तेव्हा उत्पन्नाचे घर गेले, डोक्यावरचे छप्पर गेले नाही. आम्ही ह्या लेखात जे सांगणार आहोत त्याचे सार एवढेच आहे : भाड्याचे घर हा धंदा आहे. धंदा कधी बसतोही. तो बसला तरी राहते घर, मुलांचे शिक्षण आणि आजारपणाची शिल्लक ह्यांना धक्का लागता कामा नये. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तातही गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून एक भाग आपत्काळासाठी राखावा असे सांगितले आहे. तो चौथा भाग घराच्या पहिल्या रकमेत घालून बसणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले.

३. भाड्याचा हिशेब

आता पाटीवरचे गणित. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, वाचकांनी आपल्या भागातले आकडे घालून पाहावेत.

समजा, बोरिवली-गोराईच्या बाजूला ८० लाख रुपयांना एक लहान घर मिळते आणि त्याला महिना २०,००० रुपये भाडे येते. वर्षाचे भाडे २,४०,००० झाले. ८० लाखांवर हे ३ टक्के होतात. ह्याला आपण ढोबळ उत्पन्न म्हणू. दलाल आणि जाहिराती हाच आकडा सांगतात.

परंतु पूर्ण भाडे हाती येत नाही. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत घर रिकामे राहते. वर्षात एक महिना रिकामा धरला तर २,२०,००० उरतात. त्यातून पुढील खर्च वजा करावे :

सोसायटीचा मेंटेनन्स, महिना २,००० प्रमाणे, २४,०००. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते ते, सेवाशुल्क १,५०० धरून महिना १५० प्रमाणे, १,८००. रंग, नळ, वीज, दारे ह्यांची दुरुस्ती, १५,०००. दलाली, वर्षाला अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी धरून, १०,०००.

हे सर्व वजा जाता १,६९,२०० रुपये राहतात. म्हणजे महिना १४,१०० आणि ८० लाखांवर सुमारे २.१ टक्के. २०,००० चे भाडे हाती येताना १४,१०० होते, हे प्रत्येक होतकरू घरमालकाने भिंतीवर लिहून ठेवावे.

ह्यातील दोन बाबी सभासदांच्या फायद्याच्या आहेत. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश ऑगस्ट २००१ पासून आहे. काही सोसायट्या अजूनही मनमानी आकारणी करतात. त्यांना हा आदेश दाखवावा. दुसरे, मुंबई महापालिका हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात सूट मिळाली. म्हणून वरील हिशेबात तो कर धरलेला नाही. घर मोठे असल्यास तोही धरावा.

४. कर्जाचा हिशेब

बँक घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा झाली. अर्जदाराचे वय, पगार, आधीचे हप्ते आणि परतफेडीचा इतिहास पाहून बँक त्याहून कमीही देते.

आपल्या उदाहरणात ६० लाख कर्ज मिळाले असे धरू. उरलेले २० लाख स्वतःचे. त्याखेरीज मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४,८०,०००. नोंदणी फी ३०,०००. दलाली १ टक्का, ८०,०००. एकूण २५,९०,००० रुपये रोख हवेत. घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. येथे ८०,००० वाचतात आणि घरातील बाईच्या नावावर मालमत्ता होते, हा दुहेरी लाभ आहे.

आता हप्ता. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे असेल तर दर लाखामागे महिना सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. विद्यार्थ्यांनी हा आकडा पाठ करावा. ६० लाखांना ५४,००० झाले. हाती येणारे भाडे १४,१००. म्हणजे दरमहा ३९,९०० रुपये आपल्या पगारातून घालावे लागतील, तेही पुष्कळ वर्षे. “भाड्यात हप्ता परस्पर फिटेल” हे वाक्य येथे संपते.

कारण उघड आहे. घर २ टक्के देते आणि कर्ज ९ टक्के घेते. जेथे व्याजाचा दर उत्पन्नाच्या दराहून चौपट आहे, तेथे जितके कर्ज अधिक तितका खड्डा खोल.

यावर उत्तर तयार असते : “भाडे कमी असेल, पण घराची किंमत वाढेल.” ठीक आहे, तेही मांडू. २० वर्षांत एकूण हप्ते १,२९,६०,००० होतील. त्यात आरंभीचे २५,९०,००० मिळवले की १,५५,५०,००० झाले. निव्वळ भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले असे धरले तर २० वर्षांत सुमारे ५६ लाख येतील. ते वजा केल्यावर आपल्या खिशातून सुमारे साडेनव्व्याण्णव लाख गेले. म्हणजे २० वर्षांनी ८० लाखांचे घर १ कोटीला विकले तर आपले रुपये जेमतेम परत मिळाले, त्यावर व्याज काही नाही. २० वर्षांत किंमत तेवढी होईल, कदाचित त्याहून बरीच अधिक होईल. होणार नाही असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, अशा घराचा सगळा नफा किंमतवाढीवर टांगलेला असतो आणि ती वाढ घर विकल्याशिवाय हाती येत नाही. दरम्यान महिना ४०,००० चा भार मात्र रोख असतो. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, तर किंमत वाढेपर्यंत थांबण्याची ताकद आपल्यात असेल काय, हा खरा प्रश्न आहे.

आता दुसरे उदाहरण पाहू. लांबच्या उपनगरात ३० लाखांचे घर, भाडे महिना ९,०००, कर्ज फक्त १५ लाख आणि मुदत १५ वर्षे. ९ टक्क्यांनी लाखामागे हप्ता सुमारे १,०१४, म्हणजे महिना सुमारे १५,२००. अकरा महिन्यांचे भाडे ९९,००० आणि खर्च २०,००० धरला तर निव्वळ ७९,०००, म्हणजे महिना सुमारे ६,६००. तूट ८,६००. ही तूट दोन पगारांच्या घराला झेपू शकते. अर्थात येथे १५ लाख आणि नोंदणीचा खर्च एवढी रक्कम आधी साठवलेली हवी. पहिल्या आणि दुसऱ्या उदाहरणात भाड्याचा दर फारसा वेगळा नाही, कर्जाचे प्रमाण वेगळे आहे.

कर्जाबाबत आणखी चार गोष्टी.

एक, व्याजाचा दर बदलता असतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. गृहकर्जाचा दर ७ वरून साडेनऊ झाला तर ६० लाखांचा २० वर्षांचा हप्ता सुमारे ४६,५०० वरून ५५,९०० वर जातो. बँका पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे कर्जदाराला ते कळतही नाही. दरवर्षी बँकेकडून उतारा मागून मुद्दल किती उरले ते पाहावे.

दोन, बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतीपूर्वी परतफेड केली तर बँकेला दंड आकारता येत नाही. बोनस किंवा फरकाची रक्कम आली की ती मुद्दलात भरावी.

तीन, पहिली रक्कम उभी करण्यासाठी पतपेढीचे, सोन्यावरचे किंवा वैयक्तिक कर्ज काढू नये. कर्जाच्या पायावर कर्जाची भिंत उभी राहत नाही. राहते घर तारण ठेवून भाड्याचे घर घेणे तर सर्वांत वाईट. चार मिनारसाठी राजगृह पणाला लावण्यासारखे ते होईल.

चार, आयकर. भाड्याचे उत्पन्न दाखवावेच लागते. त्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र व्याज भाड्याहून जास्त होऊन तोटा आला, तर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत तो पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा होतो, नव्या करपद्धतीत होत नाही. “कर वाचतो म्हणून घर घ्या” असे सांगणाऱ्याला, कोणत्या पद्धतीत वाचतो, हे प्रथम विचारावे.

५. खरेदीपूर्वी पाहायचे कागद

आमच्या लोकांची फसवणूक होते ती हिशेबाहून अधिक कागदात. घर पाहताना आपण खिडकी पाहतो, वारा पाहतो, कागद पाहत नाही.

म्हाडाच्या जुन्या वसाहतींत पुष्कळ घरे मुखत्यारपत्रावर हातोहात फिरली आहेत. मुखत्यारपत्र आणि साधा करार म्हणजे विक्री नव्हे, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. अशा घरावर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि बँक ज्या कागदाला हात लावत नाही त्याला आपणही लावू नये. म्हाडाचे घर घेताना मूळ वाटपपत्र, पुढील प्रत्येक हस्तांतराला म्हाडाची मंजुरी आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावरील नावे ही साखळी सलग आहे का, ते पाहावे. सोसायटीला महापालिका क्षेत्रात २५,००० हून अधिक हस्तांतर अधिमूल्य मागता येत नाही, हेही लक्षात असावे.

नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. महारेराचे काम महाराष्ट्रात मे २०१७ पासून सुरू झाले. परंतु केवळ क्रमांक पाहून थांबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराचे क्रमांक मिळवल्याचे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले. म्हणून बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन ताडून पाहावी. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. तेथील रहिवाशांनीही आयुष्याची पुंजी घालूनच घरे घेतली होती. घर स्वस्त का आहे, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

खाडीपलीकडे गोराई गावाच्या बाजूला “लहान प्लॉट घ्या, बंगला बांधा, पर्यटकांना भाड्याने द्या” असे सांगणारे भेटतात. तेथे दोन नियम लक्षात घ्यावेत. शेतजमीन विकत घेण्यास महाराष्ट्रात खरेदीदार शेतकरी असावा लागतो आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामावर सागरी किनारा नियमन क्षेत्राची बंधने आहेत. सातबारा आणि विकास आराखडा स्वतः पाहिल्याविना तेथे एक रुपयाही देऊ नये.

६. भाडेकरार : आमची स्वतःची चूक

जुनी माणसे घर भाड्याने द्यायला भीत. त्या भीतीला कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यावर उपाय म्हणून घरमालक भाडेकराराऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करू लागले. पण १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू करारावर राहत असलेले लोक संरक्षित भाडेकरू ठरले. तेव्हापासून “घर दिले की गेले” ही म्हण पडली. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते.

मात्र ह्या कायद्याची एक अट आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचाच का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते.

हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी अनुभवाने शिकलो. आमच्या घरची वरची खोली आम्ही एका कुटुंबाला साध्या स्टॅम्पपेपरवर दिली. नोंदणीचे हजार-दीड हजार वाचवले, याचा आनंदही मानला. मुदत संपली, ते गेले नाहीत. आम्ही म्हणालो भाडे ६,००० ठरले होते, ते म्हणाले ४,५००. पावत्या आम्ही दिल्याच नव्हत्या. वकिलांनी कागद पाहिला आणि मान हलवली. शेवटी पाच महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडून आम्ही खोली मोकळी करून घेतली. त्या कुटुंबाला आम्ही दोष देत नाही. त्यांना दुसरीकडे जागा मिळत नव्हती आणि आमचा कागद कच्चा होता.

आता खर्च पाहा. २०,००० भाडे, ६०,००० अनामत आणि ११ महिन्यांची मुदत असेल तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवरील १० टक्के व्याज ह्यांच्या पाव टक्का, म्हणजे सहाशे रुपयांच्या आतच पडते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये. आधारच्या आधारे ही नोंदणी घरबसल्या होते. एवढ्यासाठी पाच महिन्यांचे भाडे घालवणे शहाणपणाचे नव्हे. भाडे बँकेतून घ्यावे, रोख घेतल्यास पावती द्यावी. भाडेकरूची माहिती पोलिसांना व सोसायटीला कळवावी. अनामत ही आपली मिळकत नसून परत करायची रक्कम आहे, ती वेगळ्या खात्यात ठेवावी. अनामतीतून रंगकाम करून घेणारा मालक भाडेकरू जाताना तोंड चुकवत फिरतो.

७. घर कोणाला द्यावे?

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, तरी आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे.

१९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तर जात कळताच अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. हा प्रसंग आपण जयंतीला सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. आजही आपल्या मुलांना मुंबईत जागा शोधताना दलाल नाव विचारून झाल्यावर थबकतो आणि मग आडनाव विचारतो. त्यामागचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्यातील काही जण घरमालक होत आहेत. वर सांगितलेली खोली मोकळी झाली तेव्हा आमच्याच घरात चर्चा झाली. वडीलधारे म्हणाले, “आपल्यातलाच बघा. परका नको, मुसलमान नको, भय्या नको.” आम्ही गप्प राहिलो असतो तर चालले असते. परंतु आमच्या मुलीने विचारले, “मग आपल्याला नको म्हणणारे आणि आपण यांत फरक काय?” त्या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नव्हते. खोली एका मुसलमान रिक्षाचालकाच्या कुटुंबाला दिली, अर्थात नोंदणीकृत करारावर. त्यांनी तीन वर्षे भाडे वेळेवर दिले.

भाडेकरूची चौकशी जरूर करावी. नोकरी-धंदा काय, भाडे झेपेल का, आधीच्या मालकाचे म्हणणे काय, एवढे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. जात, धर्म, ताटातले अन्न ह्यांची चौकशी करण्याची गरज नाही. त्यावरून भाडे वेळेवर येईल की नाही ते कळत नाही.

८. तात्पर्य

दुसरे घर घेऊ नये असे आमचे मत नाही. पाच प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल घ्यावे. राहते घर कर्जमुक्त आणि तारणाबाहेर आहे काय? किमतीचा निदान निम्मा भाग स्वतःचा आहे काय? घर सहा महिने रिकामे राहिले तरी हप्ता भरता येईल एवढी शिल्लक बाजूला आहे काय? प्रत्येक कागद स्वतः वाचला आहे काय? आणि एका पगाराची नोकरी गेली तरी मुलांचे शिक्षण थांबणार नाही ना? एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर थांबावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. बचत चालू असली की संधी पुन्हा येते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

(१) ५० लाखांच्या घराला महिना १३,००० भाडे येते. ढोबळ उत्पन्न किती टक्के? (उत्तर : ३.१२)

(२) त्याच घरासाठी ९ टक्क्यांनी २० वर्षांचे ३५ लाख कर्ज काढले. लाखामागे ९०० प्रमाणे हप्ता किती? ढोबळ भाडे वजा जाता तूट किती? (उत्तर : ३१,५०० आणि १८,५००) एक महिना रिकामा आणि वर्षाचा खर्च ३०,००० धरून खरी तूट काढा. (उत्तर : सुमारे २२,१००)

(३) आपल्या आजी-आजोबांना विचारा : मुंबईत आल्यावर त्यांना पहिली खोली कोणी दिली, भाडे किती होते आणि खोली देण्यापूर्वी त्यांना काय काय विचारले गेले? उत्तर वहीत लिहून ठेवा. तुम्ही घरमालक व्हाल त्या दिवशी ते पुन्हा वाचा.